सात वैशाख, किंचित गार

सकाळचे साडेआठ वाजले की बाबा जिना चढतात. घरात पाहुणे असोत, लग्नघाई असो, अंगात कणकण असो, या वेळेला त्यांचा पाय पायरीवर असतो. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर, उत्तरेच्या कठड्यालगत, एक पांढरी लाकडी पेटी उभी आहे. तिच्या बाजूंना तिरप्या पट्ट्या आहेत. त्यांतून वारा आत जातो आणि ऊन बाहेर थांबते. आत एक तापमापी आहे. तिच्या एका नळीत काल दिवसभरात पारा किती वर गेला ते दाखवणारी सुईएवढी निळी खूण अडकलेली असते, दुसरीत तो पहाटे किती खाली उतरला त्याची. बाबा दोन्ही आकडे मोठ्याने वाचतात, वहीत लिहितात, आणि मग एक लहानसा लोहचुंबक नळीवरून फिरवून दोन्ही खुणा पुन्हा पाऱ्याला टेकवतात. ते पाहायला मला लहानपणापासून आवडते. पाटीवरचे कालचे अक्षर पुसून आजच्यासाठी जागा करावी, तसे काहीतरी त्यात आहे.

बाबा शाळेत भूगोल शिकवीत. निवृत्तीला बरीच वर्षे झाली, पण वह्या थांबल्या नाहीत. छत्तीस वर्षांच्या वह्या लोखंडी कपाटात वर्षवार उभ्या आहेत. मी मराठी कवितेची विद्यार्थिनी. पोटासाठी इतरांच्या पुस्तकांची मुद्रिते तपासते आणि आईबाबांच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहते. आकड्यांशी माझे वैर नाही, पण मैत्रीही नव्हती. यंदा ती झाली.

शहरातल्या एका महाविद्यालयाच्या भूगोल विभागाने बाबांना बोलावले. जुलैत वर्ग सुरू झाले की त्यांनी विद्यार्थ्यांपुढे बोलावे. देशाचे वार्षिक सरासरी तापमान सावकाश चढत आहे ते एका माणसाला त्याच्या गच्चीवरून कसे दिसते, एवढेच सांगावे. बाबांनी निमंत्रण दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचले. मग मला हाक मारली.

"या सगळ्या वह्या त्या तुझ्या संगणकात चढवायच्या. जमेल?"

"छत्तीस वर्षांचे रोजचे दोन आकडे, बाबा!"

"मी लिहिलेच की. तुला नुसतं टंकायचंय."

फाल्गुन-चैत्राच्या दुपारी मी ते करीत बसले. बाहेर कूलरच्या वाळ्याचा ओला, मातकट, किंचित गोड वास. आत वह्यांचा जुना डिंकाचा वास. एका पानावर आंब्याच्या रसाचा अंगठा उमटलेला. एका पानात कडुनिंबाचा तुरा चेपून त्याची तपकिरी सावली झालेली. माझ्या जन्माच्या दिवशीचे आकडे बाबांच्या हाताने लिहिलेले, शेजारी काही नाही, फक्त नेहमीपेक्षा जरा मोठे अक्षर. मी ते पान पुष्कळ वेळ उघडे ठेवले.

सरासरी म्हणजे काय हे बाबांनी मला पुन्हा शिकवले. दिवसाचे दोन आकडे मिळवून अर्धे करायचे, दिवसांचा महिना करायचा, महिन्यांचे वर्ष. "सरासरीचा दिवस कधी उगवत नाही," ते म्हणाले. "कुणी तो अंगावर घेतलेला नसतो. पण तो खोटाही नसतो." मला ते फार आवडले. कविता एका क्षणाला सारे वर्ष देऊन टाकते. सरासरी साऱ्या वर्षाचा एक क्षण करते. दोघींनाही धीर लागतो.

चैत्र संपता संपता आलेख तयार झाला. रेघ दौलताबादचा घाट चढणाऱ्या जुन्या बसगाडीसारखी वर निघाली होती. धापा टाकीत, मध्येच जरा मागे सरकत, पण वरच. आणि मध्यावर एक खड्डा. सलग सात वर्षे रेघ खाली बसलेली. मी महिने सुटे करून पाहिले. हिवाळा जागेवर, पावसाळा जागेवर. बुडाले होते ते फक्त एप्रिल आणि मे, आणि तेही दुपारचे आकडे. देशभर ऊन तापत असताना आमच्या गच्चीवर सात वैशाख गार गेले होते.

मी तो आलेख उत्साहाने खाली नेला. बाबांनी पाहिला. बराच वेळ त्यांचे बोट त्या खड्ड्यात राहिले.

"कोणत्या वर्षी वर येते रेघ?" त्यांनी विचारले.

मी वर्ष सांगितले. त्याच वर्षी हिवाळ्यात त्यांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले होते.

"डोळे," बाबा म्हणाले. "सात वर्षं मला दिसत नव्हतं आणि मी लिहीत होतो."

"मग फक्त उन्हाळ्यातच कसं चुकेल?"

"उन्हाळ्यात उजेड डोळ्यांत शिरतो. नळी चकाकते." त्यांनी कागद घडी करून मला परत दिला. "सात वर्षं चुकली असतील तर बाकीच्यांचा भरवसा काय? ज्या वह्या खऱ्या आहेत की नाहीत हे मलाच सांगता येत नाही, त्या घेऊन मी मुलांपुढं उभा राहणार नाही. विभागाला कळव, मास्तर येणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी साडेआठला जिन्यावर पाऊल वाजले नाही. मी धावत वर गेले, आकडे वाचले, वहीत लिहिले, खुणा पाऱ्याला टेकवल्या. खाली आले तर बाबा वर्तमानपत्र धरून बसलेले, तेही एकाच पानावर. विभागाला मात्र मी काही कळवले नाही. अशा पत्रांना उशीर करणे मला जमते.

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी कुरडया होत्या.

चौदा एप्रिलच्या जयंतीची धामधूम सरली की आमच्याकडे गहू भिजत पडतात. तीन दिवस पाणी बदलत राहायचे, मग वाटून चीक काढायचा, पहाटे तो शिजवायचा. त्या शिजत्या चिकाला एक आंबूस, दुधाळ वास असतो. अंगाला तो वास लागला की उन्हाळा लागला, असे आईचे मत आहे. मी सोऱ्या दाबीत होते आणि आई धुतलेल्या पांढऱ्या धोतरावर कुरडयांची वेटोळी मांडीत होती. शेजारच्या खाला, आम्हा बहिणींना मावशीसारख्याच, आपल्या गच्चीवरून आल्या होत्या. दोन गच्च्यांमध्ये गुडघाभर भिंत आहे आणि ती ओलांडायला त्यांना कधी आमंत्रण लागलेले नाही. आई त्यांना आपा म्हणते आणि त्या आईला भाभी.

"मास्टरसाबकू क्या हुआ गे?" खालांनी मला विचारले. "तीन रोज झाले, पेटीजवळ फिरकले नाहीत. बीमार तर नाहीत ना?"

मी त्यांना आलेखाची गोष्ट सांगितली. खड्ड्याची, डोळ्यांची, न जाण्याची.

आईचा हात थांबला. "कोणची वर्षं म्हणलीस?"

"ताईचं लग्न झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यापासून. बाबांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनपर्यंत."

आईने खालांकडे पाहिले. खालांनी आईकडे पाहिले. मग खाला ओढणीचा पदर तोंडावर घेऊन अशा हसू लागल्या की त्यांना भिंतीवर बसावे लागले.

"बोल देओ, भाभी. आता किती लपवता!"

"काय लपवलंय?" मी विचारले.

"लपवलंय कशाला," आई म्हणाली, "कुणी इचारलंच नाय." आणि चिकाने भरलेले हात तसेच वर धरून ती जिना उतरू लागली. मी मागून, खाला माझ्या मागून.

बाबा त्याच वर्तमानपत्रात होते. आई दारात उभी राहिली.

"अहो, तुमचे डोळे बरे व्हते."

"कधी?"

"तव्हा. मीच त्या पेटीवर ओलं गोणपाट टाकीत व्हते."

वर्तमानपत्र खाली आले. "कशावर?"

"पेटीवर! पोरीच्या लग्नात तुमचं बीपी वाढलं, चक्कर येऊन पडला. डॉक्टर म्हणले, यांना ताण नको. आन् तुम्ही रोज सकाळी त्रेचाळीस झालं, चव्वेचाळीस झालं म्हणत तोंड पाडून बसायचा. साऱ्या घराला ऐकवायचा. म्हणून वाळवणापाशी बसले की टाकायची गोणपाट भिजवून. तुम्ही एक ते चार झोपायचा. चारला काढून घ्यायची."

"रोज?"

"रोज कशाला? वर आसले तर."

"आणि मग थांबवलं का?"

"ऑपरेशन झाल्यावर तुम्ही दुपारचं झोपायचंच सोडलं. मग कसं टाकणार?"

बाबांच्या चेहऱ्यावरून काय काय गेले ते मला पूर्ण वाचता आले नाही. मग ते एकदम ताठ बसले.

"अगं, आकडे उतरले म्हणून मी कडुनिंबाला श्रेय दिलं! शेजारच्या कडुनिंबानं गच्ची गार झाली म्हणून साऱ्या गल्लीत सांगत हिंडलो! शाळेत पाठ घेतला त्याच्यावर!"

"हौ ना!" खाला माझ्या खांद्यावरून म्हणाल्या. "तुमचं ऐकून आमच्या यांनी दुसरा नीम लावला. आता त्याचा पाला झाडून झाडून माझी कमर गेली, मास्टरसाब!"

बाबा हसले. आधी नाकातून, मग पोटातून. चष्मा काढून ठेवावा लागला. "म्हणजे मी बरोबर वाचत होतो," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "पेटीत जे होतं तेच मी लिहीत होतो." आईच्या हातावरचा चीक तोवर वाळून त्याला भेगा पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी साडेआठच्या आधीच जिना वाजला.

मग आमच्या घरात प्रयोगाचा हंगाम सुरू झाला. बाबांनी सुताराकडून तशीच दुसरी पेटी करून घेतली, तशीच दुसरी तापमापी आणवली. आधी दोन्ही पेट्या शेजारी शेजारी कोरड्या ठेवून पाहिल्या. दोघी सख्ख्या बहिणींसारख्या एकच बोलत होत्या. त्यानंतर एकीवर, जसे तेव्हा टाकले जाई अगदी तसे, ओले गोणपाट. पण "अगदी तसे" म्हणजे कसे, यावर वाद पेटला.

"दुहेरी घडी व्हती," आई म्हणे.

"इकहरी थी," खाला म्हणत. "मी भिंतीवरून रोज बघत होते ना."

"आपा, गोणपाट माझं व्हतं का तुमचं?"

"गोणपाट तुमचं, आँखें तर माझी!"

अखेर बाबांनी न्यायाधीशाच्या गांभीर्याने निकाल दिला की तीन दिवस एकेरी, तीन दिवस दुहेरी. पाणी किती, यावर आई ठाम होती: दोन तांबे एक वाजता, एक तांब्या अडीचला. बाबा खुर्ची टाकून, डोक्याला ओला पंचा गुंडाळून दर अर्ध्या तासाला वाचन घेत. मीही मुद्रिते घेऊन जिन्याच्या सावलीत बसे. त्या दुपारी मी कधी विसरणार नाही. तापलेल्या फरशीचा वास, भिजल्या तागाचा वास, वाळत्या कुरडयांची बारीक, काचेसारखी किणकिण. सारा आसमंत पांढरा पडलेला, आणि त्या पांढऱ्यात दोन पेट्या. एक उन्हात डोळे मिटून बसलेली, दुसरी पाण्याने निथळत, नुकती न्हालेली. उकाड्याने जीव नकोसा व्हावा अशा वेळी आम्ही चौघे खुशीत होतो. खाला कैरीचे पन्हे आणत आणि भिंतीवर बसून बाबांना विचारीत, "आज कितनेसे हराया भाभीने सूरजकू?"

उत्तर रोज वेगळे येई. कोरडा वारा सुटलेल्या दिवशी ओली पेटी चार-पाच अंशांनी खाली असे. ढगाळ दिवशी जेमतेम एका अंशाने. बाबांच्या लक्षात आले की परत मिळवता येईल असा एकच आकडा नाही. आईने कोणत्या दिवशी गोणपाट टाकले होते हेही ठाऊक नाही. त्यांनी मग त्या सातही वर्षांच्या एप्रिल-मेच्या दुपारी पेन्सिलीने कंसात टाकल्या. "खोट्या नाहीत," ते म्हणाले, "पण साक्षीला घेता येणार नाहीत." कंस करताना त्यांचा हात प्रत्येक पानावर क्षणभर थांबत होता.

पहाटा मात्र शाबूत होत्या. गोणपाट चारला निघे आणि सूर्य मावळेतो पेटी कोरडी होई. पहाटेच्या पाऱ्यापर्यंत आईचे पाणी पोचले नव्हते. मी फक्त पहाटांची रेघ काढली. तिच्यात खड्डा नव्हता. छत्तीस वर्षे ती हलक्या पावलांनी चढत होती. लहानपणी माघात शाळेला निघताना तोंडातून वाफ निघे आणि आम्ही बहिणी त्या वाफेने एकमेकींवर अक्षरे लिहिल्याचा खेळ करीत असू, ते मला आठवले. ती वाफ बऱ्याच वर्षांत मी पाहिलेली नाही. रेघेत ती कुठेतरी विरघळली होती.

"माझी गच्ची म्हणजे देश नाही," बाबांनी मला बजावले. "आजूबाजूला किती सिमेंट उभं राहिलं, त्याची ऊब यात आहे. पण देशाची सरासरी अशाच कितीतरी पेट्यांतून निघते. तिथंही कुणाची पेटी हलवली असेल, कुणाचं झाड तुटलं असेल. ते शोधून काढायचं आणि कबूल करायचं, मगच रेघ काढायची."

जुलैत ते गेले. आईला नवे लुगडे नेसवून आम्ही तिसऱ्या रांगेत बसवले. खाला तिच्या शेजारी, मी कडेला. बाबांनी कापडी पिशवीतून त्या सात वर्षांच्या वह्या आणल्या होत्या, त्या मेजावर मांडल्या. सरासरी, पहाटा, चढती रेघ हे सारे त्यांनी सांगितले, आणि मग आपल्या खड्ड्याची गोष्ट सांगितली, काहीही न वगळता. गोणपाटापाशी विद्यार्थी हसले, कडुनिंबापाशी तर बाकांवर थापा पडल्या. बाबा हसू ओसरेपर्यंत थांबले.

"म्हणून त्या चौदा महिन्यांच्या दुपारी मी कंसात टाकल्यात," ते म्हणाले. "त्या गेल्या."

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, गोणपाट नेमकं कोणत्या दिवशी टाकलं होतं ते कळलं, तर बाकीचे दिवस परत घेता येतील ना?"

"येतील. पण त्याची नोंद नाही, बाळ."

"हाय की," तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

सारे सभागृह वळले. आई बसल्या जागेवरूनच बोलत होती. "वाळवण असंल तरच मी दुपारची वर जायची. नायतर त्या उन्हात कोण मरायला जातंय? जयंती झाली की कुरड्या, मग पापड, मग शेवया. आन् बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी सारं डब्यात. पौर्णिमेला फुलंब्रीचे पाहुणे येत्यात, गच्चीवर अंथरुणं लागत्यात. त्याच्या पुढं एक दिवस टाकलं नाय."

बाबा तिच्याकडे वळले. "हे मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही 'रोज?' इचारलं. मी 'रोज कशाला?' म्हणले. पुढं कुठं इचारलं?"

हशा उसळला, पण बाबांना तो ऐकू गेला नसावा. बुद्धपौर्णिमा कधी एप्रिल संपता संपता येते, कधी मे अर्धा उलटल्यावर. ती त्यांनी दर वर्षी वहीत नोंदलेली होती, सणवार नोंदायची त्यांना सवयच आहे. त्यांनी वही उघडली आणि समोर शंभर विद्यार्थी बसले आहेत हे विसरून उभ्या उभ्या पाने उलटू लागले.

"अडतीस," त्यांनी वाचले. "अडतीस. एकोणचाळीस. अडतीस. पौर्णिमा." पान उलटले. "बेचाळीस! त्रेचाळीस! त्रेचाळीस!"

विद्यार्थ्यांतून कुणीतरी शिट्टी मारली. बाबांनी दुसरी वही ओढली. त्या वर्षी पौर्णिमा लवकर आली होती, आणि आकडे लवकर उसळले होते. तिसरी वही. तिथेही तेच. प्राध्यापक खुर्ची सोडून त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि दोघांची डोकी एका पानावर वाकली.

"या वर्षी मधेच एक दिवस एकेचाळीस आहे," बाबांनी मान वर करून तिसऱ्या रांगेला विचारले. "पौर्णिमेच्या आठ दिवस आधी. हे कसं?"

"कोणचं वर्ष?" आईने विचारले.

त्यांनी सांगितले.

"त्या दिवशी आपांच्या थोरलीला मुलगा झाला. आम्ही दोघी दवाखान्यात."

"हौ! जुम्मे का दिन था," खाला उभ्या राहून म्हणाल्या.

बाबांनी वहीत पाहिले. "शुक्रवार," ते सभागृहाला म्हणाले, आणि खिशातून खोडरबर काढून त्या दिवसाचा कंस पुसू लागले.